पगार दिला, पण हजेरी नाही

प्रति,
टेरिटोरियल आर्मीतल्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी, ज्येष्ठता आणि पदोन्नती यांचं काम पाहणारे सर्व संबंधित अधिकारी यांस,

विषय : मेजर पदावरील पदोन्नतीचा दिनांक १२ मार्च २००८ ऐवजी १२ मार्च २००७ असा दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

विषयाची ओळ अशी एका दमात लिहायची सवय मला चौतीस वर्षांच्या नोकरीने लावली. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत मी कनिष्ठ सहायक म्हणून लागले आणि गेल्या वर्षी अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक, परिचर यांची सेवापुस्तकं, ज्येष्ठता याद्या, पदोन्नतीचे प्रस्ताव हेच माझं काम. तारीख चुकली की माणसाचं काय होतं, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे. आता या बाजूने लिहिते आहे.

पत्र माझ्या पतींबद्दल आहे. २००१ ते २०१९ ते टेरिटोरियल आर्मीत अधिकारी होते, लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडले. हे पत्र त्यांनी लिहायला हवं होतं, पण ते लिहिणार नाहीत. फौजेत गाऱ्हाणं वरच्या साहेबामार्फत मांडायचं असतं, चव्हाट्यावर नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. वर्दी उतरून सहा वर्षं झाली तरी तसंच. मला असं काही बंधन नाही. त्यांनी एकच अट घातली : पलटणीचा नंबर लिहायचा नाही, कार्यालयाचं नाव लिहायचं नाही, कुठल्याही माणसाचं नाव तर नाहीच. ती मी पाळणार आहे. ज्यांच्या टेबलावर ही फाइल आहे, त्यांना ती नावाशिवायही ओळखू येईल.

तारीखही मुद्दाम निवडली आहे. आज ९ ऑक्टोबर २०२५. १९४९ साली याच दिवशी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते टेरिटोरियल आर्मीचं उद्घाटन झालं. आपल्याकडे आज तो दिवस साजरा झाला असेल.

आपल्याला सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र बाकीचे लोकही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. टेरिटोरियल आर्मी ही भारताची अर्धवेळ फौज. १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. तिच्यातला अधिकारी एरवी आपला डॉक्टर, वकील, इंजिनिअर, शेतकरी असतो. स्वतःच्या पोटापाण्याचा उद्योग असणं ही भरतीचीच अट. मग दर वर्षी दोन महिने शिबिर, सुरुवातीच्या काळात जास्तीचं प्रशिक्षण, आणि बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायचं. जितके दिवस वर्दी, तितक्याच दिवसांचा पगार. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरावीक सेवा आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की मिळते, तिला टाइम स्केल म्हणतात. अट पूर्ण झाली नाही, की तारीख पुढे सरकते. आमचं भांडण नेमकं त्या सरकण्याशी आहे.

आमचे हे २००६ साली एका सहकारी साखर कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होते. ज्यांनी कारखाना आतून पाहिलाय त्यांना कळेल, की जानेवारीत मिल हाउसमधला इंजिनिअर दोन महिने रजेवर जाणं म्हणजे काय. गळीत हंगाम ऐन भरात, रोज कुठला तरी रोलर नाहीतर पंप रुसलेला. चीफ इंजिनिअर वर्षभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. तरी रजा मिळाली, कारण कायद्याच्या कलम ७ प्रमाणे अशा माणसाची नोकरी मालकाला राखावी लागते. कारखान्याने मस्टरवर ‘सैनिकी प्रशिक्षण’ असा शेरा मारून ते दिवस सेवेत धरले. पुढे ग्रॅच्युइटीच्या हिशेबातसुद्धा धरले.

त्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या पलटणीचं शिबिर त्यांना करता आलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या एका पलटणीच्या शिबिराला त्यांना जोडून दिलं. फौजेच्या भाषेत अटॅचमेंट. १० जानेवारी ते १० मार्च २००६, दोन्ही दिवस धरून साठ दिवस. गेले, शिबिर पूर्ण केलं, परत आले. अंगावरची वर्दी धुवायला टाकली आणि तिसऱ्या दिवशी कारखान्यात हजर.

मला ते साठ दिवस फार चांगले आठवतात, कारण आमच्या दोन एकर खोडवा उसाची तोड त्याच दिवसांत आली. वाळवा तालुक्यातलं शेत, घरात सासूबाई आणि सहावीतली मुलगी. तोडचिठ्ठी कधी मिळेल याचा नेम नसतो. मिळाली ती १८ जानेवारीला संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी मी किरकोळ रजा टाकून पहाटे शेतात. सोळा कोयत्यांची टोळी. मुकादमाने विचारलं, “मालक कुठायत?” मी म्हटलं, “मिलिटरीत.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई थाप मारतेय. त्या दिवशी एंट्रीचे, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याने वर मागितलेले पैसे किती द्यायचे यावरून ट्रॅक्टरवाल्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात भांडले. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, कुणी न्यायचं यावरून दोन भावकीतली माणसं बांधावर उभी. रात्री अकराला काट्यावरून वजनाची पावती मिळाली, तिच्यावर माझी सही आहे. दरवर्षीच्या पावतीवर ह्यांची सही असते. त्या एकाच वर्षी माझी. ती पावती मी अजून जपली आहे. आपल्या नियमांत ती पुरावा म्हणून चालणार नाही, कल्पना आहे. तरी सोबत जोडते.

आता चूक कशी झाली ते. पलटणीत रोजच्या आदेशांचा एक भाग असतो, पार्ट टू ऑर्डर. माणसाच्या आयुष्यातली प्रत्येक नोंदण्याजोगी गोष्ट त्यात येते. बदली झाली, पार्ट टू. रजेवर गेला, पार्ट टू. लग्न झालं, मूल झालं, पार्ट टू. तिथे आलं की ते घडलं. तिथे आलं नाही तर कागदाच्या लेखी ते घडलंच नाही. शिबिर घेणाऱ्या पलटणीला वाटलं की मूळ पलटण नोंद करेल. मूळ पलटणीला वाटलं, ज्यांनी शिबिर घेतलं ते कळवतील. दोन घरचा पाहुणा उपाशी. साठ दिवसांची नोंद कुणीच केली नाही.

हे कळलं दोन वर्षांनी. बरोबरीच्या अधिकाऱ्यांची मेजरची बढती २००७ च्या मार्चमध्ये झाली. ह्यांची आली नाही. चौकशी केली तर उत्तर, येईल. आली ती १२ मार्च २००८ या तारखेने. कारण असं सांगण्यात आलं, की २००५-०६ च्या प्रशिक्षण वर्षात अधिकाऱ्याने शिबिर केल्याची नोंद नाही, सबब ते वर्ष धरता येत नाही.

एक वर्षाने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. आमच्या नातेवाइकांनी विचारलंही. पैशाचं म्हणाल तर फार काही नाही, कारण पगारच वर्षातल्या दोन-अडीच महिन्यांचा. त्यातला कॅप्टन आणि मेजरमधला फरक तो कितीसा असणार. पण फौजेत एकाच पदावरचे दोघे उभे राहिले की तारीख बघतात. ज्याची तारीख जुनी तो वरिष्ठ. कंपनी, म्हणजे पलटणीतली तुकडी, त्याच्या हाती, निर्णय त्याचा.

२०१० च्या शिबिराच्या शेवटी बडाखान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, कुटुंबांना बोलावलं होतं, मी गेले होते. तंबूच्या दाराशी एक तरुण मेजर उभे होते. ह्यांच्यानंतर काही महिन्यांनी कमिशन मिळालेले, ह्यांच्याच हाताखाली नकाशा वाचायला शिकलेले, आमच्या घरी दोनदा जेवून गेलेले. दोन्ही वेळा त्यांनी ह्यांना ‘सर’ म्हटलेलं मी ऐकलं होतं. तर त्या दिवशी ह्यांनी पाऊल जुळवून त्यांना म्हटलं, “जय हिंद, सर.” अगदी सहज, काही झालंच नाही अशा आवाजात. त्या पोराचा चेहरा पडला. नंतर ताट घेऊन माझ्याशेजारी आला आणि म्हणाला, “वहिनी, मला फार अवघड होतं हो. मी नाही मागितलं हे.” मी म्हटलं, तुमचा काय दोष. दोष त्याचा नव्हताच. घरी येताना गाडीत हे काही बोलले नाहीत. कराडच्या पुढे आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, “पोरगं चांगलं आहे. कंपनी नीट सांभाळेल.”

महोदय, आता माझी गाऱ्हाणी. राग आहे, पण मुद्दे सोडून काही लिहिणार नाही.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं. त्या साठ दिवसांचा पगार ह्यांना मिळाला आहे. अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पुण्यात होतो, तिथल्या लेखा कार्यालयाने तिन्ही महिन्यांच्या स्लिपा वेळेवर पाठवल्या, त्यावर दिवस मोजून लिहिले आहेत, आयकरही कापलेला आहे. त्या वर्षीच्या विवरणपत्रात आम्ही ती रक्कम दाखवली आहे. म्हणजे सरकारच्या एका हाताने त्यांना हजर धरून पैसे दिले आणि दुसऱ्या हाताने गैरहजर धरून वर्ष कापलं. शिबिर केलं नव्हतं तर पगार वसूल का केला नाही? पगार बरोबर होता तर वर्ष का कापलं? सतरा वर्षांत या एका प्रश्नाला उत्तर आलेलं नाही. माझ्या शाखेत एखाद्या लिपिकाने असा प्रस्ताव माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो तिथल्या तिथे परत केला असता.

दुसरं, उत्तरांची तऱ्हा. ह्यांनी चार अर्ज केले. २००८ च्या अर्जाला उत्तर : अभिलेखानुसार शिबिराची नोंद नाही. अहो, नोंद नाही हीच तर तक्रार आहे! नोंद चुकली म्हणून अर्ज करावा आणि उत्तरात तीच चुकलेली नोंद वाचून दाखवावी, याला काय म्हणायचं? २०१० च्या अर्जाला उत्तरच नाही. मधे लेफ्टनंट कर्नलची बढती आली, तीही अर्थात एक वर्ष उशिरा, २०१४ ऐवजी २०१५ ला, कारण खालची वीट सरकली की वरची सरकतेच. तेव्हा तिसरा अर्ज केला. उत्तर : प्रकरण जुने असल्याने आता पुनर्विचार करता येत नाही. २०१९ मध्ये सेवेतून मोकळं होताना चौथा. उत्तर : अधिकारी आता सेवेत नसल्याने. आधी कागद नव्हता, मग वेळ नव्हती, शेवटी माणूसच नव्हता. आलेल्या तिन्हींपैकी एकाही उत्तरात पगाराच्या स्लिपेचा उल्लेख नाही, आणि ती प्रत्येक अर्जाला जोडलेली होती. नियमाचा क्रमांक कुठल्याही उत्तरात नाही.

तिसरं, नष्ट झालेला कागद. २०१६ मध्ये मी स्वतः माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर तीस दिवसांत आलं, हे मान्य करायला हवं. त्यात लिहिलं होतं, की त्या शिबिराचे हजेरीपट जतनाची मुदत संपल्यामुळे नष्ट करण्यात आले. मुदत असते, कागद नष्ट होतात, मी स्वतः शेकडो गठ्ठे नष्ट केलेत. पण ज्या नोंदीबद्दल अर्ज प्रलंबित आहे, तो गठ्ठा बाजूला काढून ठेवायचा असतो. आमच्याकडे त्यावर लाल दोरी बांधून ‘वादग्रस्त’ लिहीत. पहिला अर्ज २००८ चा होता, तेव्हा हजेरीपट शाबूत होते. कुणीतरी कपाट उघडून एक पान पाहायचं होतं, बस्स.

चौथं, ज्येष्ठता यादी. जिल्हा परिषदेचा कारभार आदर्श आहे असं मी मुळीच म्हणणार नाही, तिथले चटके मी खाल्लेत आणि काही वेळा दिलेही असतील. पण दर वर्षी १ जानेवारीची तात्पुरती ज्येष्ठता यादी निघते, सूचना फलकावर लागते, हरकती मागवल्या जातात, मग अंतिम होते. साध्या परिचरालाही कळतं की आपण कितव्या क्रमांकावर आहोत आणि का. ह्यांना आपलं वर्ष कापलं गेल्याचं कळलं ते बढतीची तारीख उजाडून गेल्यावर. शिबिर संपलं त्या संध्याकाळी कुणी एक कागद हातात ठेवला असता, की साहेब, तुमचे इतके दिवस नोंदले, सही करा, तर चूक त्या संध्याकाळीच सापडली असती.

आमची चूक काय, तेही लिहिते. एकतर्फी लिहायची मला सवय नाही. निघताना त्यांनी पार्ट टू ऑर्डरची प्रत मागायला हवी होती. नाही मागितली. “तिकडे कुणी अशी शंका घेत नाही,” म्हणाले. दुसरं म्हणजे, अधिकाऱ्याला आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २७ खाली रीतसर तक्रार करता येते, त्याऐवजी ते साधे विनंतीअर्ज करत बसले. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ च्या ऑगस्टपासून सुरू झालं, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. आम्ही गेलो नाही. तिथे सहा महिन्यांची मुदत असते आणि उशीर झाला तर तो माफ करून घ्यावा लागतो. वकिलांनी सांगितलं, “केस चांगली आहे, पण साहेबांना सही करायला लावा.” साहेबांनी सही केली नाही. म्हणाले, ज्या फौजेची टोपी घातली तिला कोर्टात नाही ओढणार. हा त्यांचा भोळेपणा म्हणा नाहीतर ताठा. पण भोळ्या माणसाची तारीख चुकीची ठेवावी असा नियम माझ्या तरी वाचनात नाही.

कोर्टात गेल्यावरच न्याय मिळायचा, हेही पटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की टेरिटोरियल आर्मीतल्या जवानालाही नियमित सैनिकासारखंच अपंगत्व निवृत्तिवेतन मिळालं पाहिजे. एवढी सरळ गोष्ट मिळवायला त्या अपंग जवानाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. आमचं काम तर कारकुनी आहे. त्याला न्यायमूर्ती कशाला लागतात?

“मागची तारीख देता येत नाही” असं ह्यांना एकदा फोनवर तोंडी सांगण्यात आलं. त्याबद्दल थोडं. महाराष्ट्राच्या सेवा नियमांत ‘मानीव दिनांक’ नावाची एक चीज आहे. एखाद्याचा गोपनीय अहवाल गहाळ झाला, त्याच्या खालचा माणूस आधी चढला, आणि मागाहून कळलं की चूक कार्यालयाची होती, तर खालचा चढला त्या तारखेला हाही चढला असं मानतात. वेतन कागदावर काल्पनिक निश्चित करतात. बऱ्याचदा थकबाकी देत नाहीत. पण ज्येष्ठता परत मिळते. माझ्या हाताखालून असे प्रस्ताव किती गेले, मोजलेले नाहीत. एका ग्रामसेवकाला तर निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मानीव दिनांक मिळाला होता. तो आदेश घ्यायला आला तेव्हा पेढे घेऊन आला आणि आदेशाची प्रत कपाळाला लावली. मी घरी येऊन हे सांगितलं, तर आमचे हे हसून म्हणाले, “माझ्यासाठी पण एक टाइप करून आण की.”

फौजेलाही मागची तारीख वावडी नाही. कमिशनच्या वेळी अँटिडेट, म्हणजे मागच्या तारखेची, ज्येष्ठता देतातच. आणि अगदी यंदाचं उदाहरण घ्या. ६ मे २०२५ च्या आदेशाने, टेरिटोरियल आर्मी नियमावलीच्या नियम ३३ खाली, गरजेप्रमाणे प्रत्येक अधिकारी आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला गेला. बत्तीसपैकी चौदा इन्फंट्री बटालियन तैनात करायच्या ठरल्या. ९ मे ला ही बातमी टीव्हीवर आली तेव्हा हे ताटावरून उठून उभे राहिले, वय साठ, गुडघा दुखतोय, तरी. त्या आदेशाचा अंमल १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. निघाला मे महिन्यात, लागू फेब्रुवारीपासून. देशाला गरज होती, मागची तारीख बिनबोभाट पडली, आणि ते योग्यच झालं. मग एका अधिकाऱ्याच्या बाबतीत ते अशक्य कसं?

आता मागण्या.

मेजर पदाची तारीख १२ मार्च २००७ आणि लेफ्टनंट कर्नल पदाची १२ मार्च २०१४ अशी दुरुस्त करून शुद्धिपत्रक काढावं. अधिकाऱ्यांच्या बढत्या भारताच्या राजपत्रात भाग १, खंड ४ मध्ये येतात. शुद्धिपत्रकही तिथेच यावं. दोन ओळींचं काम आहे. मसुदा हवा असेल तर मी करून पाठवते.

पगारातल्या फरकाची थकबाकी आम्हाला नको. हे मी त्यांना विचारून लिहिते आहे. काल्पनिक निश्चिती करा, आर्थिक लाभ शून्य दाखवा. लेखा शाखेचा आक्षेप येण्याचं कारण उरत नाही.

हे मान्य नसेल तर नकार द्या, पण कारणासकट द्या. कुठल्या नियमाने पगाराची स्लिप हजेरीचा पुरावा होत नाही, तो नियम आणि त्याचा क्रमांक लिहून, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने, साठ दिवसांच्या आत. साठ हा आकडा मी मुद्दाम धरला आहे.

आणि एक मागणी आमच्यापुरती नाही. अटॅचमेंटवर शिबिर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या आणि जवानाच्या हातात, तो गेटबाहेर पडण्याआधी, नोंदलेल्या दिवसांचा सहीशिक्क्याचा कागद पडलाच पाहिजे. ज्यांची जुनी शिबिरं अशीच दोन पलटणींच्या मधे हरवली आहेत, त्यांना पगाराची स्लिप, फौजेने दिलेलं रेल्वे प्रवासाचं वॉरंट किंवा मालकाचा रजेचा दाखला यांपैकी जे असेल ते दाखवून दुरुस्ती मागण्याची एक वेळची संधी द्यावी. हे पत्र वाचणाऱ्या घरांत अशी माणसं असतील. त्यांनी आपापल्या स्लिपा शोधून ठेवाव्यात, आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नये. आम्ही मूळ मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे शिबिराला जाण्याचा आदेश, २००८ मध्ये पाठवून बसलो, तो परत आला नाही.

चारही अर्जांच्या पोचपावत्या, मिळालेली तिन्ही उत्तरं, जानेवारी ते मार्च २००६ च्या पगाराच्या स्लिपा, कारखान्याच्या मस्टरचा साक्षांकित उतारा, माहिती अधिकाराचं उत्तर आणि १९ जानेवारीची ऊस वजनाची पावती, अशा प्रती या पत्राबरोबर स्पीड पोस्टाने वेगळ्या पाठवत आहे. मूळ कागद ह्यांच्या काळ्या ट्रंकेत आहेत. पाहायचे असतील तर कुणालाही पाठवा, सकाळी दहानंतर मी घरीच असते.

आपली विश्वासू,
एका निवृत्त लेफ्टनंट कर्नलची पत्नी,
आणि निवृत्त अधीक्षक, आस्थापना शाखा